पंगतीतला नास्तिक

‘नास्तिक’ हा शब्द आज आपण देव न मानणाऱ्या माणसासाठी वापरतो. त्याचा जुना अर्थ इतका सरळ नव्हता. पाणिनीने आस्तिक, नास्तिक आणि दैष्टिक हे तीन शब्द एकाच सूत्रात साधले आहेत. सूत्रात देवाचे नावही नाही. ‘आहे’ अशी ज्याची मती तो आस्तिक आणि ‘नाही’ अशी ज्याची मती तो नास्तिक, एवढेच. काय आहे आणि काय नाही, ती जागा पुढे टीकाकारांनी भरली आणि तिथे त्यांनी परलोक घातला. मनुस्मृतीने वेगळेच माप लावले. तिच्या दुसऱ्या अध्यायात, तर्काच्या जोरावर जो श्रुतिस्मृतींचा अवमान करतो तो वेदनिंदक म्हणजेच नास्तिक ठरतो. या मापाने पाहिले तर पूर्वमीमांसेची गंमत होते. जगाचा कर्ता असा ईश्वर सिद्ध होत नाही, असे कुमारिल भट्ट भरपूर युक्तिवाद करून सांगतो, तरी तो आस्तिकच राहतो. का, तर वेद आणि यज्ञ त्याला मान्य आहेत. निरीश्वर सांख्यही आस्तिकांच्याच पंक्तीत बसतात.

मला त्या श्लोकातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. अशा माणसाचे करायचे काय? मनू इथे राजाला बोलावत नाही. साधूंनी त्याला बाहेर काढावे, असे म्हणतो. साधू म्हणजे भगव्या वस्त्रातले नव्हेत, तर भले लोक, शिष्ट लोक, आपल्याच ओळखीतले आणि पंगतीतले. नास्तिकाचा न्याय करण्याचे काम जवळच्या माणसांकडे सोपवल्याची ही नोंद म्हणता येईल. गेली काही वर्षे मी या एका गोष्टीचा मागोवा घेतो आहे. देव न मानणाऱ्याचा न्याय त्याचे मित्र कसा करतात? आणि नेमका कधी करतात?

मी विद्यापीठात शिकलेला संशोधक नाही. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी सोडवायच्या, तांब्याची तार भरायची, वॉर्निश करून वाळवायच्या, हा धंदा. वाचन नगर वाचनालयातले आणि रद्दीच्या दुकानातले. देव मी विशीतच सोडला आणि ते लपवून कधी ठेवले नाही. तरीही पंचवीस-तीस वर्षे माझ्या मित्रांना त्याचे काही वाटले नाही. दुकानासमोरच्या टपरीवर चहा घेताना मी ईश्वराच्या अस्तित्वाबद्दल काय वाटेल ते बोलायचो. ते हसायचे, एखादा म्हणायचा, “ह्याला एकदा वारीला न्या रे.” तेवढ्यावर विषय संपायचा. आपल्याकडे मत हा गुन्हा नाही. खटला कृतीवर भरतो. हे मला प्रथम कळले ते आगरकरांच्या चरित्रात.

गोपाळ गणेश आगरकर आमच्याच बाजूचे. जन्म १८५६, कराडजवळच्या टेंभूचा. आज टेंभू म्हटले की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते, आगरकर आठवत नाहीत. मोटारीवाल्याने त्याबद्दल तक्रार करणे बरे दिसणार नाही. आगरकर आणि टिळक डेक्कन कॉलेजात एकत्र आले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८१ मध्ये ‘केसरी’. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे टिळक. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली दोघांना शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढले. त्या दिवसांवर आगरकरांनी लहानसे पुस्तक लिहिले आहे. रात्र रात्र चाललेल्या बोलण्याच्या आठवणी त्यात आहेत. मिल आणि स्पेन्सर वाचून आगरकर अज्ञेयवादाला आलेले होते, आणि हे टिळकांना तुरुंगाच्या आधीपासून ठाऊक होते. ज्याचा देवावर विश्वास नाही अशा माणसाबरोबर टिळकांनी शाळा काढली, पत्र चालवले, तुरुंगवास भोगला आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी केली.

मग बिनसले कुठे? चरित्रकार बरीच कारणे देतात आणि ती खरीही आहेत. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक आधी हा वाद, सोसायटीतल्या पगाराचा आणि बाहेरच्या कामांचा प्रश्न, दोघांचे स्वभाव. पण काळाचा क्रम लावून पाहा. रखमाबाईचा खटला गाजू लागला, बालविवाह आणि संमतिवय हे विषय ऐरणीवर आले, आणि आगरकर केशवपन, सोवळेओवळे, अंत्यविधीचे उपचार यांवर लिहू लागले. म्हणजे देव आहे की नाही हे सोडून ते घरात शिरले. १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्याच काळात पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकरांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढली. माणूस जिवंत, घरात बसलेला, आणि रस्त्यावरून त्याचे मढे चाललेले. प्रेतयात्रा काढणाऱ्यांना त्यांच्या अज्ञेयवादातले बारकावे ठाऊक असतील असे मला वाटत नाही. विधवेच्या केसांबद्दल त्यांनी काय लिहिले होते, ते मात्र पक्के ठाऊक होते.

प्रेतयात्रेचीच कल्पना का सुचावी, यावर मी बराच विचार केला. जातीबाहेर टाकलेल्या माणसाचे घटस्फोट विधी करून त्याला मेलेला समजण्याची, त्याच्या नावाने घट फोडण्याची पद्धत धर्मशास्त्रात आहे. तो विधी नातेवाइकांनी करायचा. पुण्यातल्या लोकांनी त्याचे रस्त्यावरचे नाटक केले. ‘तू आमच्यातला नाहीस’ हे सांगायला याहून थेट भाषा मराठी माणसाकडे त्या काळी नव्हती.

याची उलट बाजूही त्याच पुण्यात दिसते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली होती. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावे छापून टाकली आणि ग्रामण्य उभे राहिले. त्या यादीत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. एक प्रार्थना समाजातला निस्सीम ईश्वरभक्त, दुसरा वेदांचा अभ्यासक. दोघांच्याही श्रद्धेबद्दल कोणाला शंका नव्हती. तरी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्त घेण्याची वेळ आली. श्रद्धा कितीही असो, चहा कोणाच्या हातचा घेतला ते सांगा! ‘तुमचा विश्वास काय’ हा प्रश्न आमच्याकडे मुळातच दुय्यम. ख्रिस्ती देशांतला नास्तिक आणि आपला नास्तिक यांच्यात फरक करावा लागतो, तो इथे. त्यांच्याकडे विश्वासाचे कलम तोंडाने म्हणावे लागते आणि न म्हणणारा पकडला जातो. आपल्याकडे पकडला जातो तो पंगतीतून उठणारा.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगतो. ती टाळली तर बाकीचे लिहिणे हवेत राहील.

वडील गेले तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो. दहनाला मी होतो. पण डोके भादरणार नाही आणि पिंड देणार नाही, हे मी आधीच सांगितले होते. वडिलांनाही ते माहीत होते. ते स्वतः माळकरी. “तुझं तू बघ,” एवढेच ते म्हणायचे. दहाव्याला चुलतभाऊ बसला आणि मी घाटावर उभा राहिलो. पिंड मांडले, सगळे मागे सरले. कावळे झाडावर होते, खाली येईनात. पाच मिनिटे, दहा मिनिटे, अर्धा तास. दहाव्याच्या घाटावर अर्धा तास म्हणजे किती मोठा, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल. कोणी म्हणाले, इच्छा राहिली असेल. कोणी नातवाच्या शिक्षणाचे वचन देऊन पाहिले. मग एकेक नजर माझ्याकडे वळू लागली. माझा सर्वांत जुना मित्र, शाळेपासूनचा, जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “एकदा हात लाव. नुसता हात. तुझं काय जातंय?” मी नाही म्हणालो. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि लोक पांगले. परत येताना तोच मित्र म्हणाला, “देवावर तुझा विश्वास नाही, मान्य. बापावर तरी होता का?”

हा मित्र म्हणजे आदल्याच महिन्यात मध्यरात्री जीप काढून वडिलांना दवाखान्यात नेणारा, अनामत रक्कम स्वतःच्या खिशातून भरणारा आणि ती परत देऊ केल्यावर रागावणारा माणूस. त्यामुळे ‘धर्मांध’ असा शिक्का मारून मला त्याच्यापासून सुटता येत नव्हते. पुढे वर्षभर तो टपरीवर आला नाही. भांडण असे नव्हते. त्याच्या मळ्यातली मोटार जळाली तेव्हा त्याने ती दुसरीकडे नेली नाही, माझ्याकडेच पाठवली. मात्र गड्याबरोबर पाठवली आणि पैसे रोख पाठवले. तीस वर्षे आमचा हिशेब वहीत होता. ऊस गेला की तो द्यायचा, कधी मीच विसरायचो. उधारी बंद होणे म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

त्याचा प्रश्न मी पुष्कळ दिवस उलटसुलट करून पाहिला. माझ्या समजुतीप्रमाणे तो परलोकाबद्दल बोलतच नव्हता. वडिलांचा आत्मा अडकला आहे असे त्याला खरोखर वाटत होते की नाही, याचीही मला खात्री नाही. त्याच्या लेखी पिंड ही मुलाने बापाला दिलेली शेवटची पावती होती. ती चार लोकांदेखत द्यायची असते आणि मी ती द्यायला नकार दिला होता. मी नाकारत होतो कर्मकांड, आणि त्याला दिसत होती कृतघ्नता. आम्ही दोघे एकाच कृतीकडे पाहत होतो, पण ती वाचत होतो दोन वेगळ्या लिपींत. मित्र नास्तिकाचा न्याय करतात तेव्हा बहुतेक वेळा हेच घडते असे मला आता वाटते. आरोप देवाबद्दल नसतो, आरोप असतो ‘तुझ्यावर कशाच्या जोरावर भरवसा ठेवायचा’ हा.

आपली भाषाच या भरवशावर उभी आहे. खरे बोलतोस याला तारण म्हणून ‘देवाशप्पथ’. फसवणाऱ्याला ‘देवाला तरी भी’. आणि चांगल्या माणसासाठी आपल्याकडचा सर्वांत मोठा शब्द ‘देवमाणूस’. देव न मानणाऱ्याकडे शपथेला तारण नाही, भ्यायला कोणी नाही. मग त्याचा चांगुलपणा आला कुठून, हे लोकांना कोडे पडते. ते ते आपापल्या परीने सोडवतात. काही सरळ संशय घेतात. काही कीव करतात, “अजून ठेच लागली नाही, लागेल तेव्हा येशील.” मग ठेच लागते, कारण ती सगळ्यांनाच लागते, आणि ते वाट पाहत असतात. सर्वांत प्रेमळ मित्र तिसरी वाट काढतात, “तूच खरा आस्तिक. तू कामात देव बघतोस.” संशयापेक्षा मला हे अधिक अवघड जाते. त्यात माझ्या हातातले मत अलगद काढून घेतलेले असते आणि वर कौतुक केलेले असते, त्यामुळे तक्रारही करता येत नाही.

हा संशय फक्त आपल्या गावचा नाही. विल गर्व्हे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा देशांत केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता. क्रूर कृत्ये करणाऱ्या एका माणसाचे वर्णन द्यायचे आणि तो कोण असावा याबद्दल लोकांचे मन आपोआप कुठे झुकते ते तपासायचे, अशी साधारण रीत होती. लोकांचे मन अधिक करून नास्तिकाकडे झुकले. धर्म फारसा न मानणाऱ्या देशांतही झुकले, आणि स्वतः नास्तिक असलेल्यांचेही झुकले. वाचून मी आधी चिडलो, मग आरशात पाहिले. उधारीवर मोटार न्यायला अनोळखी गिऱ्हाईक येते तेव्हा गळ्यातली तुळशीची माळ पाहून मलाही जरा बरे वाटते.

बायकांच्या वाट्याला यातले अधिक येते. पुरुषाने पूजा नाही केली तर घरातली पूजा थांबत नाही, कारण ती मुळात त्याने केलेलीच नसते. आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि आगरकरांनी आपले मत त्यांच्यावर लादले नाही. याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. माझ्या घरीही तसेच आहे. शेजारणी माझ्या बायकोला म्हणतात, “तुम्ही आहात म्हणून घर टिकलंय.” पण उलटे उदाहरण घ्या. माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. नवरा देवभोळा, त्या नाहीत. हळदीकुंकवाला त्या जात नाहीत, वडाला फेऱ्या घालत नाहीत. त्यांना कोणी ‘विचारवंत’ म्हणत नाही, ‘शिष्ट’ म्हणतात. नवरा आजारी पडला तेव्हा मैत्रिणींनी त्यांच्यादेखत वर्षावर्षाचा हिशेब काढला, कोणते व्रत चुकले आणि कधी. पुरुष नास्तिकाचा न्याय निदान वादाच्या भाषेत होतो.

कायद्यापुरते पाहिले तर नास्तिकाची जागा पक्की आहे. घटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदात सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आहे. शपथ घेताना ईश्वरसाक्ष म्हणायचे की गांभीर्यपूर्वक दृढकथन करायचे, हा पर्याय आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की ‘मला कोणताही धर्म नाही’ असे म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि धर्म जाहीर करण्याची सक्ती सरकार करू शकत नाही. नास्तिक मंडळी हा निर्णय उत्साहाने सांगतात. तो मिळवणारे अर्जदार मात्र नास्तिक नव्हते. ते येशूला मानणारे होते, पण ख्रिस्ती किंवा दुसऱ्या कोणत्याही धर्माचे म्हणवून घ्यायला तयार नव्हते, म्हणून राजपत्रात तशी नोंद मागत होते. इतके असूनही २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगणाऱ्यांचा आकडा २८ लाख ६७ हजारांच्या घरात आहे, म्हणजे लोकसंख्येच्या पाव टक्क्याएवढाही नाही. प्रगणक दारात येतो तेव्हा उत्तर बहुधा घर देते, माणूस देत नाही.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदाही आहे. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कुटुंबांसाठी त्याची नितांत गरज होती. पण चहाला न येणे, मोटारीचे पैसे रोख देणे हे त्यात बसत नाही, आणि बसू नयेही.

मित्रांमधला हा तिढा चारचौघांसमोर मांडून दाखवल्याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. डॉ. श्रीराम लागू देवाला निवृत्त करा असे जाहीरपणे म्हणत. नरेंद्र दाभोलकर स्वतः देव मानत नसत, पण अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका देवाधर्माला विरोध करण्याची नाही, शोषणाला विरोध करण्याची आहे, असे आग्रहाने मांडत. ही मतभिन्नता झाकण्याऐवजी दोघांनी ‘विवेकजागराचा वादसंवाद’ या नावाने तिचे कार्यक्रम केले, महाराष्ट्रभर, लोकांसमोर. एका व्यासपीठावर दोन मित्र एकमेकांना खोडून काढत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्या दोघांत सौम्य भूमिका दाभोलकरांची होती, हे विसरता येत नाही. देव नाही असे ठणकावणारा नट लोकांनी ऐकून घेतला. बाबा-बुवांच्या गादीला आणि कायद्याच्या मसुद्याला हात घालणारा डॉक्टर जगू दिला गेला नाही. पुण्याने आगरकरांच्या वेळी प्रतिमेची तिरडी बांधली होती. या वेळी प्रतिमेवर भागले नाही.

आगरकर १७ जून १८९५ रोजी दम्याने गेले, चाळिशीही न गाठता. उशाशी एका पुडीत त्यांनी आपल्या अंत्यविधीपुरते पैसे बाजूला ठेवले होते, असे सांगतात. स्वतःच्या दहनाचेही कोणाला देणे राहू नये, म्हणून रोख. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला.

आमच्या भागातल्या विवेकवादी मंडळींत मी जातो, तिथेही माझा न्याय होतोच. घाटावर मुळात गेलासच का, असे एकाने मला भर बैठकीत विचारले. दर्भाचा कावळा शिवेपर्यंत उभा राहिलास म्हणजे विधीला हजेरीच लावलीस, असे त्याचे म्हणणे. त्याच्याशी माझे अजून पटलेले नाही. सोवळे दोन्हीकडे असते. शाळेपासूनचा तो मित्र दोन वर्षांपासून पुन्हा टपरीवर येतो. दहाव्याचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. पैसे अजून रोख देतो. त्याच्याकडे दर श्रावणात सत्यनारायण असतो आणि निरोप येतो. मी जातो. पोथीच्या वेळी बाहेर ओट्यावर बसतो, तो आत बसतो. शिरा झाला की त्याची बायको बाहेर आणून देते. विवेकवादी मित्राच्या मते मी तो खायला नको, आणि शाळूसोबत्याच्या मते आत येऊन, पाया पडून खायला हवा. मी ओट्यावरच खातो, आणि केळे चांगले पिकलेले असेल तर पुन्हा मागून घेतो.